ईशानची पाचवीची शाळा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. ईशानचं नाव आम्ही रेआलशुलेत, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत घातलं; गिम्नाझियममध्ये, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत नाही. तुम्हाला विचारायच्या आधीच घातलं, कारण मे महिन्यात चौथीचं प्रमाणपत्र हातात आलं की नावनोंदणीला मोजकेच दिवस मिळतात. रागावू नका.

बाबा, इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. जर्मनीतल्या आमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी धरतात. गिम्नाझियमला २.३३ पर्यंत चालते, रेआलशुलेला २.६६ पर्यंत. ईशानला गणितात २, बाकी दोन्हीत ३. बेरीज ८, भागिले तीन, म्हणजे २.६६. एका विषयात एक पायरी कमी पडली, एवढंच. जर्मनच्या निबंधात मुद्दे सगळे होते, लिंग आणि विभक्ती चुकल्या. घरी मराठी बोलतो म्हणून असं झालं, हे आई, तू मनात आणशील. आणू नकोस. आजीच्या गोष्टी मराठीतच चालू राहणार.

गिम्नाझियमसाठी जर्मन आणि गणिताची तीन दिवसांची चाचणी देता आली असती. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ आले की प्रवेश मिळतो. आम्ही ती देऊ दिली नाही. गिम्नाझियमला सहावीतच दुसरी परकीय भाषा सुरू होते. जर्मन कच्चं असताना तिचं ओझं त्याच्यावर नको होतं.

रस्ता बंद झालेला नाही, हे शंभरदा सांगते. रेआलशुले दहावीपर्यंत. तिथे जर्मन, इंग्रजी, गणिताची सरासरी ३.५ किंवा त्याहून चांगली आली की फाखओबरशुले, म्हणजे अकरावीपासूनची शाळा. तिथे तेरावी केली आणि दुसरी परकीय भाषा असली, की कुठलंही विद्यापीठ. गिम्नाझियमवालेही तेरावीलाच बाहेर पडतात, म्हणजे वर्षही वाया जात नाही. आणि त्याला हातानं काम करावंसं वाटलं, तर आउसबिल्डुंग, म्हणजे कामासोबतचं व्यवसाय-शिक्षण आहे: साधारण तीन-साडेतीन वर्षं, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले शाळेत, पहिल्या महिन्यापासून पगार. बाबा, तुम्ही दिलेले नट-बोल्टचे पाने तो उशाशी घेऊन झोपतो.

शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, एकला सुटते. घरी येऊन गरम वरणभात, वर तुम्ही पाठवलेलं मेतकूट. खाण्याचे हाल होणार नाहीत.

आता ऐका. आई, "कमी का पडले रे सोन्या" असं त्याला विचारू नकोस. तू मायेनंच विचारशील, पण त्याच्या मनाला लागेल. काकूला मीच सांगेन. बाबा, या हिशेबात रात्री जागायचं नाही, बीपीची गोळी रोजच्या वेळेला, आणि गच्चीवर एकट्यानं चढायचं नाही.

रविवारी फोन करते. नवं दप्तर घेतलंय, रंग त्यालाच विचारा. त्याला स्वतः सांगायचाय.

तुमची,
माई