माळरानाला खड्डे नकोत, गवत हवे

महोदय,

जून जवळ आला की माण, सांगोला, करमाळा पट्ट्यातल्या गायरानांवर वृक्षलागवडीची लगबग सुरू होते. सरकारदरबारी ही जमीन ‘पडीक’. मेंढपाळांचे पोट मात्र तिच्यावरच चालते. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, वीतभर मुरमाड मातीखाली खडक. अशा जागी झाड खुरटते, गवत तग धरते. लागवडीतले गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) जगते खरे, पण ते निवडलेच जाते जनावरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून. चराऊ रानात लावायला हेच झाड सापडावे? त्यात सलग समतल चर (पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) खणताना पवन्या-मारवेल या गवतांचे जुने ठोंब उखडले जातात ते वेगळेच.

माळ बिघडला की नाही हे गवतावरून कळते. बेसुमार चराईत पवन्या, मारवेल, डोंगरी ही चवीची गवते आधी संपतात, मग कुसळी हे टोकदार कुसळांचे गवत माजते, शेवटी तरवड, टाकळा आणि उघडा मुरूम. कुसळाचे टोक अणकुचीदार. ओल लागली की त्याची शेपटी पीळ सोडत फिरते आणि टोक लोकरीतून थेट कातडीत घुसते. मेंढ्यांच्या तोंडातही जखमा होतात. त्यामुळे कुसळीचे रान कुसळे धरण्याआधीच चारून किंवा कापून घ्यायला हवे.

उपाय खर्चिक नाही. गायरानाचे चार भाग पाडावेत. दरवर्षी एक भाग जून ते ऑक्टोबर पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे बी पडते. उरलेल्या तिन्हींत कळप आळीपाळीने फिरवावा. गवत चार बोटे उरले की पुढच्या भागात न्यावा. पहिल्या पावसावर लगेच कळप सोडणे सर्वांत घातक. मुळांतला साठा तेव्हा कोंबात आलेला असतो. तो पुन्हा पुन्हा खुडला गेला की ठोंब मरतो. कापायचे गवत फुलोऱ्यावर कापावे. दिवाळीपर्यंत थांबले तर त्याची काडी होते, कस राहत नाही.

कायमची चराईबंदी हाही उपाय नव्हे. वाळके गवत उभेच राहते आणि उन्हाळ्यात वणव्याला निमित्त मिळते. बंद भागाभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, हवीच.

चरांची आखणी होण्याआधी ग्रामसभेत मेंढपाळांना बोलवावे. ही सभा पावसाळ्यात, पुढच्या वर्षासाठी घ्यावी. दिवाळीनंतर बरेचसे कळप बाहेरगावी गेलेले असतात. उन्हाळ्यातल्या सभेत हरकत घ्यायला गावात कोणी नसते.

– एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)