संचालकांच्या सभेआधी

सांगली

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने आधी कांद्याच्या चाळी बांधायच्या की द्राक्षांचं पॅकहाउस, या हिशोबाची तुझी शीट काल रात्री सावकाश वाचली. फोनवर सांगायला गेले तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझेच आकडे माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. उन्हाळ कांद्याच्या सामाईक चाळींना, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारांना, ४० लाख लागतात आणि सगळा खर्च जाऊन वर्षाला १२ लाख सुटतात. द्राक्षं निवडून, बांधून पाठवायच्या पॅकहाउसला प्रीकूलिंगसकट, म्हणजे माल आधी थंड करायच्या यंत्रणेसकट, १ कोटी २० लाख लागतात, सुटतात वर्षाला ३० लाख. दोन्हींचं आयुष्य तू ८ वर्षं धरलंस आणि डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर, १२ टक्के. चाळींचे पैसे ३ वर्षं ४ महिन्यांत वसूल होतात, पॅकहाउसचे ४ वर्षांत. आयआरआर, म्हणजे घातलेल्या पैशांवर वर्षाला पडणारा परतावा, चाळींचा २५ टक्क्यांच्या आसपास, पॅकहाउसचा साडेअठरा. त्यामुळे चाळवाले संचालक खूश. एनपीव्ही, म्हणजे आजच्या किमतीत खर्च वजा जाऊन उरणारा फायदा, मात्र चाळींचा १९.६ लाख आणि पॅकहाउसचा २९ लाख, त्यामुळे पॅकहाउसवाले खूश. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, तुझं गणित कुठेही चुकलेलं नाही. तरी दोन उत्तरं आली म्हणून तू गोंधळलीस, ते साहजिक आहे.

आयआरआर फक्त टक्का सांगतो. ४० लाखांवरचे २५ टक्के आणि १ कोटी २० लाखांवरचे साडेअठरा टक्के शेजारी ठेवून काही ठरत नाही. दोन्ही प्रस्तावांतला फरक हाच एक तिसरा प्रस्ताव समज. पॅकहाउससाठी ८० लाख जास्त घालायचे आणि वर्षाला १८ लाख जास्त मिळवायचे. या फरकाचा आयआरआर काढ, १५.३ टक्के येतो. आता सभेपुढचा प्रश्न सरळ झाला: चाळी बांधल्यावर हाताशी राहणाऱ्या ८० लाखांना १५ टक्क्यांहून चांगली वाट आहे का? आणि ते ८० लाख कर्जाचेच असतील, तर ते पैसे कंपनीला नक्की किती टक्क्यांनी पडतात? तुझ्या शीटमध्ये १२च्या जागी १६ टाकून बघ. चाळींचा एनपीव्ही १२.१ लाखांवर येतो, पॅकहाउसचा १०.३ वर. निकाल फिरला. म्हणून तो १२ टक्क्यांचा दर कुठून आला हे सभेत कुणीतरी विचारणारच, आणि "अहवालात होता" हे उत्तर तू देऊ नयेस असं मला वाटतं. बँक ज्या दराने कर्ज देणार तो दर, सभासदांच्या भागभांडवलावर निदान किती सुटायला हवं तो दर, आणि दोन्हींचं प्रमाण, एवढं एका ओळीत लिहून ठेव.

आता पहिल्या वर्षाचा रकाना. माझा सगळा जोर याच्यावर आहे. कर्ज विभागात असताना किती प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावरून गेले असतील, आणि त्यातल्या बहुतेकांत क्षमतेचा वापर पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, पुढे ८० असाच चढत जायचा. उद्योग कुठलाही असो, जिना तोच. तुझ्याकडे तर तोही जिना नाही, पहिल्या वर्षापासून सरळ ३० लाख आहेत. मी हिशोब केला. पहिल्या वर्षी पॅकहाउसला ३०च्या जागी साडेएकोणीस लाखांहून कमी सुटले, तर बाकीची सात वर्षं कागदाप्रमाणे झाली तरी चाळी पुढे जातात. नुसते १५ लाख सुटले तर पॅकहाउसचा एनपीव्ही १५.६ लाखांवर येतो. आणि साडेएकोणीसच्या खाली जायला फार काही बिघडावं लागत नाही. विजेचा स्थिर आकार, मॅनेजरचा पगार, विमा हे माल निम्मा आला तरी निम्मे होत नाहीत, त्यामुळे मालात थोडी तूट आली की शिलकीत मोठी तूट येते. शिवाय नाशिककडची द्राक्षं मुख्यतः जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतात. ट्रान्सफॉर्मर किंवा कूलिंगची मशिनरी दोन महिने उशिरा आली, तर दोन महिने नव्हे, हंगामच जातो. चाळीचं तसं नाही. ती साधी आहे, आणि एप्रिलमध्ये अर्ध्याच तयार असल्या तरी तेवढ्यांत कांदा पडतो.

दोन गोष्टी चटकन सांगते. कर्जाचं व्याज तू वार्षिक शिलकीतून वजा केलेलं नाहीस, ते बरोबर केलंस. डिस्काउंट रेटमध्ये ते एकदा आलेलं असतं, पण कुणीतरी "व्याज कुठाय?" म्हणून विचारेल, तेव्हा डगमगू नकोस. आणि अनुदान किंवा केंद्र सरकारच्या अॅग्री इन्फ्रा फंडाची ३ टक्के व्याजसवलत पहिल्या हिशोबात घेऊ नकोस. दोन्ही प्रस्ताव आधी स्वतःच्या पायावर उभे राहतात का ते बघ, मग खाली वेगळ्या ओळीत सवलत दाखव.

आता गुणांच्या तक्त्याबद्दल. तू सहा निकष घेतलेस, कुठल्याला किती महत्त्व ते ठरवून भार दिलेस, आणि एकूण गुण चाळींना ३.६, पॅकहाउसला ३.७ आले. हा फरक म्हणजे बरोबरीच. एका संचालकाने एका निकषाला ३ऐवजी ४ म्हटलं की उलटा होईल. त्यावरून निकाल जाहीर करू नकोस, बाळा. मुळात "आर्थिक फायदा" हा निकष तक्त्यात हवाच कशाला? तो एनपीव्हीत पूर्ण मोजून झालाय. पुन्हा गुण दिले की तोच फायदा दोनदा मोजला जातो आणि मोठा प्रस्ताव आपोआप वर चढतो. पैशात मोजता येतं ते सगळं एनपीव्हीत, आणि पैशात येत नाही तेवढंच तक्त्यात. जागेचा सातबारा स्वच्छ आहे का, थ्री-फेज वीज मिळते का, यालाही गुण देऊ नकोस. ज्याचं उत्तर "नाही" आलं तर प्रस्तावच पुढे जाऊ शकत नाही, त्याला पाचापैकी दोन देऊन बाकीच्या गुणांनी भरून काढायची मुभा कशी देता येईल? त्या अटी आधी तपासायच्या, मग उरलेल्यांची तुलना.

भार तू एकटीने ठरवलेस, हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. "लाभार्थी सभासद" या निकषाला तू १५ टक्के दिलेस. तुमच्याकडे कांदा बहुतेक सभासदांचा, निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या द्राक्षबागा मात्र मोजक्यांच्या. कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची सोय झाली, ती सहकाराचं तत्त्व कंपनीत आणायला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. अशा कंपनीत किती जणांच्या घरी फायदा पोचतो याला १५ द्यायचे की ३५, हे ठरवणं म्हणजे कंपनी कुणाची हे ठरवणं आहे. ते काम पगारी अधिकाऱ्याचं नव्हे, आणि ते तुझ्या खांद्यावर यावं असं मला आई म्हणूनही वाटत नाही. दोन्ही प्रस्तावांचे गुण झाकून ठेव. प्रत्येक संचालकाला कोरा कागद दे, १०० गुण निकषांमध्ये वाटायला सांग, आणि ते कागद सगळ्यांसमोर फळ्यावर मांड. जिथे आकडे लांब लांब असतील तिथेच त्यांचं भांडण आहे. ते उघड होऊ दे. तुझ्याआड लपून त्यांनी भांडू नये.

धोक्याचा एक वेगळा रकाना कर, कारण दोन्ही पिकं सरकारी आणि परदेशी निर्णयांना बांधलेली आहेत. २०१०च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं अडकली आणि निर्यातदारांचे, बागायतदारांचे हाल झाले. कांद्यावर ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, ती मे २०२४मध्ये उठली. तेव्हा ८ वर्षांत एक वर्ष शून्य शिलकीचं धरून दोन्ही हिशोब पुन्हा कर. ते वर्ष पहिलंच निघालं तर काय, आणि पाचवं निघालं तर काय, हेही बघ. पॅकहाउसवर कर्ज मोठं, त्यामुळे त्या वर्षीचा हप्ता कुठून भरणार हे एनपीव्ही सांगणार नाही. बँक मात्र तेच विचारेल.

एक गोष्ट पॅकहाउसच्या बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. तुमच्या जवळच्या लासलगावचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र आठव. ते उभारलं कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून, आणि २००७मध्ये अमेरिकेची दारं उघडली तेव्हा तिकडे जाणारे आंबे तिथूनच विकिरण होऊन गेले. उभारताना कुणाच्या हिशोबात ते आंबे असतील असं मला वाटत नाही. पॅकहाउसमध्ये उद्या डाळिंब, भाजीपाला हाताळता येईल, चाळीत ते जमणार नाही. हा लवचीकपणा गुणांच्या तक्त्यात घालण्यासारखा आहे. त्यासाठी निकष वाढवायला सांग.

सभा पुढच्या आठवड्यात आहे म्हणालीस. त्याआधी एक काम कर. द्राक्षाच्या प्रत्येक नोंदणीकृत बागायतदाराकडून पहिल्या हंगामात किती टन माल देणार ते लेखी घे, सहीनिशी. स्वतःचा माल व्यापाऱ्याला बागेवर न देता कंपनीकडे आणायची तयारी किती जणांची आहे ते तिथेच कळेल. त्या टनांवरून पहिल्या वर्षाची शिलक काढ. साडेएकोणीस लाखांच्या वर गेली तर पॅकहाउसवाल्यांचं म्हणणं भक्कम आहे. खाली राहिली तर यंदा चाळी, आणि पॅकहाउस दोन हंगामांनी पुन्हा मांडायचं, असा ठराव लिहून ने.

सुधारलेली शीट बुधवारपर्यंत पाठव, मी रात्री बघून ठेवते. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई