मागच्या वर्षीच्या पोरांना काय सापडलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंदावलेल्या शहरी बाजारपेठा पुन्हा कशा उभ्या राहतील, या विषयावर विद्यार्थ्यांचे गट संशोधन करतात. अशा गटांना मी बरीच वर्षे मार्गदर्शन केले, म्हणून ही तक्रार थोडी माझ्याविरुद्धही आहे. एकदा मुले प्रश्नावली घेऊन एका वयस्कर दुकानदाराकडे गेली. त्यांनी सगळी उत्तरे दिली आणि शेवटी विचारले, "मागच्या वर्षीही पोरं आली होती. त्यांना काय सापडलं?" कोणापाशीच उत्तर नव्हते. आधीचा अहवाल विभागाच्या कपाटात होता आणि नव्या तुकडीने तो पाहिलाही नव्हता. तो दाखवायचे काम माझे होते.

खरे तर या विषयात विद्यार्थ्यांना करण्याजोगे खूप आहे. परिसरात आलेला पैसा तिथेच किती फिरतो, हे मोजणारी, ब्रिटनमधल्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने रूढ केलेली 'एलएम-३' ही पद्धत घ्या. एखाद्या संस्थेचे उत्पन्न १०० धरा. त्यातले ६० तिने परिसरातच खर्च केले आणि ते ज्यांना मिळाले त्यांनी पुढे ३० परिसरात खर्च केले, तर तिन्ही फेऱ्यांची बेरीज १९० होते आणि गुणक १.९ येतो. गणित शाळकरी आहे. कठीण आहे ते लोकांकडून खर्चाचा तपशील मिळवणे. एका दुपारी येऊन जाणाऱ्या अनोळखी मुलाला आपली वही कोण दाखवील? तिथे ओळख लागते, आणि ओळख एका सत्रात होत नाही. शिवाय अर्थशास्त्राच्या मुलाला हिशेब कळतो, पण गिऱ्हाईक ज्या गल्लीतून येते तिचा नकाशा नगररचनेची विद्यार्थिनीच नीट काढते. एकट्याचे हे कामच नव्हे. आपल्याकडे गुण मात्र एकेकट्याला द्यायचे असतात, म्हणून गटातली मुले प्रकरणे वाटून घेतात आणि शेवटच्या रात्री एकत्र शिवतात. याला सहयोग म्हणवत नाही.

अशा हिशेबातून काय घडू शकते, हे इंग्लंडमधल्या प्रेस्टनने दाखवले आहे. २०११ मध्ये तिथला मोठा व्यापारी संकुलाचा प्रकल्प बारगळला. त्यानंतर नगरपालिकेने गावातल्या मोठ्या सार्वजनिक संस्थांची खरेदी नेमकी कुठे होते, ते तपासून घेतले. २०१२-१३ मध्ये त्या खर्चातला जेमतेम ५ टक्के वाटा शहरात राहत होता. २०१६-१७ पर्यंत तो सुमारे १८ टक्क्यांवर गेला. हे काम विद्यार्थ्यांचे नव्हते, हे मान्य. पण सुरुवात खरेदीच्या नोंदी चाळण्यापासून झाली, आणि तेवढे तर आपली मुलेही करू शकतात, अगदी स्वतःच्या महाविद्यालयापासून! (किती प्राचार्य त्या नोंदी दाखवतील, हा प्रश्न निराळा.)

प्रश्न कोणी विचारायचा, हाही मुद्दा आहेच. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत १९७० च्या दशकात 'विज्ञान दुकाने' सुरू झाली. तिथे नागरिकांचे गट आपले प्रश्न घेऊन येत आणि विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यांवर काम करीत. आपल्याकडे विषय ठरतो विभागात, आणि बाजारात आपण फक्त प्रश्नावली भरून घ्यायला जातो. मग 'पुनरुज्जीवन' म्हणजे नवी फरसबंदी आणि एकसारख्या पाट्या, असे मुलांना वाटले तर नवल नाही. भाडे वाढले की जुना भाडेकरू कुठे जातो, हे दुकानदाराने सुचवलेल्या प्रश्नावलीत पहिल्याच पानावर आले असते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीच्या कामापासून सुरुवात करावी आणि माहिती देणाऱ्यांची नावे वगळून नोंदी पुढच्यांच्या हाती द्याव्यात. ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर निष्कर्ष त्यांच्या भाषेत मांडल्याशिवाय गुण देऊ नयेत, आणि त्या बैठकीला परीक्षकानेही हजर राहावे. तिथे दुकानदारांनी एखादा आकडा खोडून काढला, तर ती दुरुस्ती त्यांच्या नावाने अहवालात यावी, अर्थात त्यांची हरकत नसेल तर.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक