हेडलाइट बदलण्याआधी व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा

माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या मोटारगाड्यांच्या जपणुकीवरचा लेख मी आवडीने वाचला. त्यात ओघात असा सल्ला आला आहे की, १९६८ ते १९८२ या काळातील शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचे, एरवी बोनेटमध्ये लपलेले आणि व्हॅक्यूमवर उघडणारे हेडलाइट ही मुळातच सदोष रचना असून मालकाने ती काढून टाकावी आणि विजेवर चालणारी मोटर बसवून घ्यावी. मी मिशिगनमध्ये राहतो आणि गेली अकरा वर्षे १९६९ सालची अशीच एक गाडी स्वतःच्या हाताने सांभाळतो. हा सल्ला मला पटलेला नाही. रचना सदोष नाही. पन्नास वर्षांत तिच्यातले रबर कडक झाले आहे, एवढाच तिचा आजार आहे, आणि तो घरच्या घरी शोधता येतो.

पेट्रोल इंजिन हवा ओढून घेत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत, बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ कमी दाब तयार होतो. कॉर्व्हेटमध्ये हा व्हॅक्यूम एका नळीतून काढून, एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेतून, एका टाकीत साठवला जातो. तिथून तो दोन्ही हेडलाइटच्या रिलेंकडे, म्हणजे व्हॅक्यूमची वाट बदलणाऱ्या स्विचांकडे, आणि रिलेंमधून दिव्यामागच्या पत्र्याच्या डब्यांत जातो. डब्यात रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम पोहोचला की दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा पडद्याला ढकलते आणि दांडा दिव्याला वर उचलतो किंवा खाली ओढतो. टाकी आणि झडप कशासाठी, हे समजायला माझ्या वडिलांच्या जुन्या विलीस जीपची आठवण पुरे आहे. तिचा वायपर व्हॅक्यूमवर चालत असे, आणि भर पावसात घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो काचेवर मध्येच रेंगाळे, कारण इंजिनाकडची हवेची वाट, म्हणजे थ्रॉटल, पूर्ण उघडल्यावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही. कॉर्व्हेटमध्ये त्या क्षणी झडप मिटते आणि टाकीतला साठा उपयोगी पडतो.

म्हणून तपासणीची सुरुवात इंजिनापासून करावी, दिव्यापासून नव्हे. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडून इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, काटा पाहावा. समुद्रसपाटीजवळ निकोप इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा (व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) दाखवते आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीमागे सुमारे एक इंच कमी होतो, त्यामुळे पुण्यात दीड-दोन इंच आणि महाबळेश्वरला चार इंच कमी दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. शर्यतीसाठी घडवलेला कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बसवला असेल तर आकडा याहूनही खाली येतो, आणि तो दोष गळतीचा नसतो. यानंतर तोच गेज झडपेच्या पुढे, टाकीच्या बाजूला जोडून इंजिन बंद करावे. काटा लगेच घसरू लागला, तर झडप, टाकी किंवा पुढची एखादी शाखा गळते आहे. शाखा एकेक करून बंद करत गेल्यास ज्या शाखेला काटा थांबतो तिथेच गळती असते. अमेरिकेतील हौशी मालक नळीचे तोंड बंद करायला गोल्फचा चेंडू ठेवण्याची लाकडी खुंटी वापरतात. योग्य जाडीचा गुळगुळीत बोल्टही तेच काम करतो.

लक्षणेही बरेच काही सांगतात. दोन्ही दिवे सारखेच सावकाश उठत असतील, तर दोष दोघांच्या सामायिक भागात, म्हणजे मुख्य नळी, झडप, टाकी किंवा इंजिनातच शोधावा. एकच दिवा मागे राहत असेल, तर त्याचा रिले, त्याचा डबा, त्याच्या नळ्या किंवा सुकलेल्या बिजागऱ्या तपासाव्यात. बिजागरी पाहताना त्या डब्याच्या नळ्या सोडवून दिवा हाताने हलवावा. इंजिन चालू असताना त्या फटीत बोटे कधीही घालू नयेत.

माझ्या गाडीचा उजवा दिवा असाच उशिरा आणि अर्धाच उठत असे. एका वर्कशॉपने आधी डबा बदलला, मग रिले बदलला. खर्च झाला आणि दिवा होता तिथेच राहिला. अखेर मी हाताने व्हॅक्यूम ओढणारा, गेज लावलेला छोटा पंप आणला. डब्याच्या दोन्ही तोंडांवर, एकावेळी एकावर, १५ इंच व्हॅक्यूम ओढून थांबलो. काटा हलला नाही. रिलेही ठीक निघाला. मग दोघांमधली वीतभर नळी काढून एक टोक बंद केले आणि दुसऱ्या टोकाला पंप लावला, तर काटा डोळ्यांदेखत शून्यावर आला. नळीच्या ज्या भागाखाली धातूची तोटी होती, तिथे रबर लाकडासारखे कडक होऊन चिरले होते, आणि चीर मागच्या बाजूला असल्याने वरून पाहणाऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. सुटे भाग बदलत जाणारा कारागीर अप्रामाणिक होता असे मी म्हणणार नाही. त्याने मोजमाप केले नाही, एवढेच.

याच गाड्यांच्या १९६८ ते १९७२ च्या मॉडेलांत वायपर एका झाकणाखाली लपलेले असतात आणि ते झाकणही व्हॅक्यूमनेच उघडते. झाकण पूर्ण उघडल्याशिवाय एक स्विच वायपरच्या मोटरला वीज मिळू देत नाही. त्यामुळे गळत असते नळी, पण दोष विजेचा वाटतो. लोक मोटर खोलतात, तारा उसवतात. वायपर चालेना झाला तर आधी झाकण हलते का, ते पाहावे.

एका गोष्टीत हयगय चालणार नाही. पॉवर ब्रेक असलेल्या गाडीत पायाच्या जोरात भर घालणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला हाच मॅनिफोल्ड व्हॅक्यूम पुरवतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते गेले नाही किंवा पेडल दगडासारखे कडक लागले, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. गळतीतून आत शिरणारी जादा हवा पेट्रोल-हवेचे मिश्रणही पातळ करते, म्हणून आयडलिंग अडखळत असेल तर कार्बुरेटरचे स्क्रू फिरवण्याआधी नळ्या पाहाव्यात. चीर शोधण्यासाठी गरम इंजिनावर ज्वलनशील द्रव फवारण्याची पद्धत काही जण सांगतात. तिने आग लागू शकते. कानाशी धरलेल्या लांब रबरी नळीने सू-सू आवाज ऐकणे पुष्कळ सुरक्षित आहे.

इंजिनात मोठा बदल करून व्हॅक्यूमच अपुरा पडला असेल, तर विजेची मोटर बसवणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. इतरांनी ती बसवली तरी वायपरच्या झाकणाची आणि ब्रेकची नळी तशीच जुनी राहते, याचा उल्लेख आपल्या लेखात यायला हवा होता. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा वाचकांना आणखी एक सांगावे: नवी नळी व्हॅक्यूमसाठी बनवलेलीच, जाड भिंतीची घ्यावी, कारण साधी पातळ नळी इंजिन तापल्यावर मऊ होऊन आत चिमटते, आणि मग गळती नसतानाही दिवा उठत नाही.

आपला,
एक वाचक, मिशिगन