‘जवाई कोठे शे?’

अमळनेर,
बुधवार, दुपार

प्रिय मनीषा,

चोपड्याला माहेरी असताना फोनवर तू विचारलंस, "खरं सांग, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?" आणि मी "छे गं" म्हणून विषय बदलला. आई शेजारीच कुरडया निवडत बसली होती, तिच्यासमोर काय बोलणार? बातमी नाशिकला तुझ्यापर्यंत पोचली म्हणजे चोपड्यात ती केव्हाच शिळी झाली असणार. आता इथे लाईट गेलीय, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे, सासूबाई ओसरीत आडव्या झाल्यात. निवांत लिहिते.

बिनसलेलं काही नाही. प्रशांत आला नाही कारण त्याला येता येत नाही. लोकांना मी "रजा मिळाली नाही" एवढंच सांगते, ते सगळ्यांना पटतं. खरं कारण सांगायला लागलं की तिसऱ्या वाक्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते. तुला मात्र सगळं सांगते, कंटाळलीस तर एक परिच्छेद सोडून दे.

अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत प्रशांतची तारीख २०१४ ची आहे. नोकरीवरून मिळणारी कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत, मग तो देश भारत असो की आइसलँड. आता कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला, ते सांगणारं पत्रक दर महिन्याला निघतं आणि आपले लोक ते राशिभविष्यासारखं वाचतात. आमच्या गटाची तारीख अजून आमच्यापर्यंत पोचलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मात्र निदान अर्ज भरण्यापुरती ती एकदम जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली. ऐन करोनात, मास्क लावून वैद्यकीय तपासण्या करून आम्ही शेवटच्या टप्प्याचा अर्ज टाकला. अर्ज टाकला म्हणजे कार्ड आलं असं नव्हे. पण त्याच्या आधारावर नोकरी करायची परवानगी मिळते, आणि प्रवासाची वेगळी मिळते, तिला अ‍ॅडव्हान्स परोल म्हणतात. पुढे प्रशांतनं कंपनी बदलताना एच-वन हा नोकरीचा व्हिसा सोडला आणि त्या नोकरीच्या परवानगीवर काम सुरू केलं. त्याचा एच-वन गेला तसा त्याची बायको म्हणून मिळालेला माझा एच-फोरही गेला. तेव्हापासून आम्हाला देशाबाहेर जायचं तर परोलचा कागद हातात लागतो. तो नसताना बाहेर पडलं तर ग्रीन कार्डाचा अर्ज आपणच सोडून दिला असं धरतात. म्हणजे २०१४ पासूनची रांग विमानतळावर संपली.

आमचे दोघांचे नूतनीकरणाचे अर्ज एकाच दिवशी, एकाच पाकिटातून गेले. माझा मंजूर होऊन आला, त्याचा अजून 'प्रलंबित'. असं का, ते वकिलालाही सांगता येत नाही, फी मात्र दोघांची सारखी घेतली. लेकाचा तिकडचाच जन्म, त्याच्याकडे निळा पासपोर्ट. तिघांचं घर आणि तीन तऱ्हेचे कागद. त्याची शाळा जूनपर्यंत चालते, म्हणून तो बापाजवळ थांबला.

प्रशांतचा कागद आला की सगळे मिळून जाऊ, असं म्हणता म्हणता २०१९ नंतरच्या सगळ्या आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, गेल्या. या वेळी तोच म्हणाला, "तू तरी जा. दोघांनी अडकून बसण्यात काय शहाणपण आहे?" मला ते वाक्य आवडलं नाही, पण तिकीट मी त्याच रात्री काढलं.

मुंबईला उतरून रात्रीची अमरावती एक्सप्रेस धरली. जळगाव स्टेशनावर भाऊ मुऱ्हाळी म्हणून हजर, तेही पहाट व्हायच्या आधी, डोळे चोळत. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडताना म्हणाला, "तुला आणायला आलो खरा, पण पोचवायला थेट न्यूजर्सीला येणार नाही हं." माहेरी पोचेपर्यंत मी झोपले होते.

आणि तुला गंमत सांगते, आखाजीचे दिवस सोन्यासारखे गेले. आखाजीला एकटी आलेली लेक म्हणजे काही नवल नाही, सगळ्याच एकट्या येतात. घागर भरली, वर डांगर ठेवलं, आईनं सांजोऱ्या केल्या, आगारी टाकली. दुपारी आमरस आणि खापरावरचे मांडे. तुमच्या जुन्या वाड्यामागच्या निंबाला अजून झोका बांधतात, आता नायलॉनचा दोर असतो आणि तो हाताला फार काचतो. पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते कुटत होती. भाऊ किती हरला ते वहिनीला अजून कळलेलं नाही. मी इतकी झोपले, इतकं खाल्लं, इतकी मोठ्यानं हसले, की दोन दिवस मला प्रशांतची आठवणच आली नाही. हे त्यालाही सांगितलंय, तो म्हणाला, "बरं झालं."

आखाजी सरली आणि जावई यायला लागले. कुणी मोटारसायकलवर, कुणी गाडी घेऊन. समोरच्यांची कल्पना गेली, मागच्या गल्लीतल्या दोघी गेल्या. मी तशीच दारात. मग सुरू झालं. "जवाई कोठे शे?" "एकलीच उनी का वं?" "पोऱ्याले बी नही लई उनी?" ती पाटलांची काकू तर माझ्या गळ्याकडे बघून घेऊन मग बोलायला लागायची. मंगळसूत्र मी तिकडे रोज घालत नाही, इथे आल्यावर घातलं होतं. का घातलं, याचा माझा मलाच राग आला.

आप्पांना मी सगळं नीट समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. आमच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा, हिशोब त्याच दिवशी झाला होता, त्यामुळे ते त्याच तंद्रीत असावेत. म्हणाले, "सालदाराचं साल आखाजीला सरतं. पटलं तर पुढचं साल धरतो, नाही पटलं तर दुसऱ्याचं घर बघतो. तुमच्या सायबाचं साल कव्हय सरस?" मला उत्तर आलं नाही. तिकडे मी वकिलांचे किती व्हिडिओ बघितले असतील, पण इतका नेमका प्रश्न त्यात कुणी विचारलेला नाही.

मग इथे, अमळनेरला आले. लग्नानंतर या घरात मी प्रशांतशिवाय कधी राहिलेच नव्हते. आत्तापर्यंत मी इथे यायची ती त्याच्या मागून. तो आईशी बोलायचा, मी कपड्यांच्या बॅगा उघडायची. तो बापाशी शेतीवर वाद घालायचा, मी चहा करायची. या वेळी मधला माणूसच नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर असे बसलो होतो, जणू एसटीच्या स्टँडवर गाडीची वाट बघतोय.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी फुनके-कढी केली. दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी. तिसऱ्या दिवशी शेवभाजी, लालभडक तर्रीची. सगळं प्रशांतच्या आवडीचं. मी त्याच्या वतीनं खात होते. फुनके मला कधीच आवडले नाहीत, तुला माहीत आहे, पण ताटात पडले की संपवायचे हे अंगवळणी पडलेलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या तव्यापाशी थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "तुले काय आवडस वं?"

मनीषा, इतक्या वर्षांत हा प्रश्न या घरात मला कुणी विचारला नव्हता. वाईटपणा म्हणून नाही, विचारायची वेळच आली नाही. मी म्हटलं, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. त्या म्हणाल्या, "आते सांगस का?" आणि डबे धुंडाळून कळण्याचं पीठ काढलं. त्यांनाही तेच आवडतं म्हणे. मुलगा खात नाही म्हणून तो आला की करत नव्हत्या. प्रशांत आला असता तर हे आम्हा दोघींना कधी कळलंच नसतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, थोडं माझ्यापाशीच राहू दे.

कामंही बरीच उरकली. सासऱ्यांना भावांशी शेताची वाटणी करायचीय, त्यात प्रशांतची सही लागते. त्यानं मुखत्यारपत्र करून वकिलातीतून साक्षांकित करून दिलं होतं, ते मी बरोबर आणलं. परदेशात केलेला असा कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. सासरे आणि मी दोन सकाळी त्यातच घालवल्या. परत येताना ते रसवंतीवर थांबले आणि म्हणाले, "तू हिशोबाला त्याच्यापेक्षा बरी आहेस." आमच्या घरात याला फार मोठं कौतुक म्हणतात.

रात्री आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर झोपतो. परवा सासूबाईंनी तिथेच विषय काढला. काहीच मार्ग नाही का म्हणून विचारलं. मी सांगितलं, एक आहे. जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण असेल किंवा कुणी गेलं असेल, तर तिकडच्या इमिग्रेशन ऑफिसात डॉक्टरचे कागद दाखवून तातडीची परवानगी मागता येते. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग मीच बिमार पडी जास!"

सासरे खेकसले. आम्ही दोघी हसलो, बराच वेळ हसलो. नंतर मला झोप लागेना. आखाजी आहे, रथ आहे, आईला बघावंसं वाटतं, यातलं एकही कारण त्या फॉर्मवर चालत नाही. कुणी तरी अंथरुणाला खिळल्याशिवाय घाई पटत नाही त्यांना. काल सासूबाईंना ठसका लागला तर पाणी पिता पिता हातानंच मला खूण केली, हे खरं नाही म्हणून.

त्याच रात्री मी एक शहाणपणा करायला गेले. सासरे तरुणपणी सुरतला कापडाच्या मागावर कामाला होते, माहितीये ना तुला? तेव्हा सासूबाई दोन पोरं घेऊन इथे एकट्या. मी म्हटलं, तुम्हीही काढलेच की असे दिवस. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी साफ मोडून काढलं. सुरतेची आणि याची बरोबरी करू नकोस म्हणाल्या. सुरतेत माणसाच्या मनात आलं की रात्रीच्या गाडीत बसायचा आणि सकाळी दारात उभा. मालक बोंबलला तर दुसरा मालक. "त्यासले कोणी धरी ठेयेल नव्हतं." कानबाई देवीच्या रोटांना त्या दरवर्षी प्रशांतच्या नावाची सव्वा मूठ गहू घेतात, नातवाच्या नावाचीही घेतात. ते रोट भाऊबंदांतच खायचे असतात, म्हणून त्याच्या वाट्याचा चुलत दीर खातो. "तो जाड व्हयी ऱ्हायना," एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. भीती वाटते का? वाटते. जायची नव्हती वाटली, परतीची वाटते. परोलचा कागद असला तरी आत घ्यायचं की नाही हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. अशा कागदावर आलेल्यांना बहुतेक वेळा बाजूच्या खोलीत बसवतात, नाव पुकारेपर्यंत फोन लावायचा नाही. मी एक जाडजूड फाईल हातातल्या बॅगेत ठेवलीय: मूळ परोल, अर्जाच्या पावत्या, लग्नाचा दाखला, लेकाचा जन्मदाखला. आणि समजा नाहीच सोडलं, तर मी या बाजूला आणि ते दोघं त्या बाजूला. त्याला बाहेर यायचं तर सगळं सोडून यायला लागेल. हे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. तिकीट काढलं त्या रात्री प्रशांतनं फक्त एवढंच विचारलं, "लेकाच्या शाळेच्या फॉर्मवर तातडीचा संपर्क म्हणून माझ्याशिवाय आणखी कुणाचं नाव घालायचं?" मला कळलं तो काय विचारतोय ते. मी शेजारणीचं घालायला सांगितलं.

रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येतो, तिकडे सकाळचे साडेनऊ असतात. पूर्वी एका घरात राहून आम्ही बिलं आणि डबा यापलीकडे बोलत नव्हतो. आता तो मला विचारतो की बोरी नदीला पाणी आहे का, आणि मी सांगते की नाही. यावर कुणी काव्य करू नये, तू तर मुळीच नको. पण मला ते फोन आवडतात.

लोक विचारतात त्याचं मी आता एकच उत्तर ठरवलंय: "कागद आला की येईल." कुठला कागद, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यापासून दाखल्यापर्यंत कुठला ना कुठला कागद प्रत्येकाचा अडकलेला असतोच. पाटलांची काकूसुद्धा त्यावर मान हलवते.

एकादशीला सखाराम महाराजांचा रथ आहे. सासरे म्हणतात तो बघितल्याशिवाय जायचं नाही, म्हणून तोवर इथेच. मग दोन दिवस आईकडे, आणि रविवारी रात्री जळगावहून गाडी. ती नाशिकरोडला पहाटे थांबते, फार वेळ नाही. नेमकी वेळ आणि डबा मेसेज करते. तू ये, पण एकटी ये, तुझ्या नवऱ्याला उगाच उठवू नकोस. सासूबाईंनी कळण्याचं पीठ दोन ठिकाणी बांधून दिलंय, एक तुझं. आणि येताना माझ्यासाठी चिवडा आण, विमानतळावरच्या त्या खोलीत भूक लागली तर म्हणून. तिखट आण.

तुझी,
वैशाली