बावचीच्या बाटलीवर उन्हाची सूचना हवीच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्याकडे जे झालं ते इतरांच्या घरात होऊ नये म्हणून लिहितेय, जमलं तर छापा.

माझ्या भाचीच्या नडगीवर कोडाचे दोन डाग आहेत, रुपयाएवढे. बहिणीने आठवड्याच्या बाजारात झाडपाल्याची औषधं विकतात तिथून बावचीचं, म्हणजे कोडावर लावतात त्या रोपाच्या बियांचं, तेल आणलं. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, वर चिकटपट्टी आणि बॉलपेनने "बावची" एवढंच. लावून उन्हात बसा असं तोंडी सांगितलं, किती वेळ ते काहीच नाही. पोर पहिल्या दिवशी वीस मिनिटं बसली, काही झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बाल्कांवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, तासभर पाय पसरून बसली. तिसऱ्या दिवशी रात्री "मावशी, पाय पेटलाय गं" म्हणून मला उठवलं, बघते तर नडगी लालभडक आणि डागाच्या कडेला द्राक्षाएवढे दोन फोड.

स्किनच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीत मुरतं आणि उन्हातले यूव्हीए किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) पडले की जागं होतं. त्याने येणारा भाजल्याचा लालपणा लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी चढतो. म्हणजे पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून वेळ वाढवायची हीच चूक, आणि ती कुणीही करेल. हे किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, त्यामुळे तेल लावून गाडीत बसलं तरी सुटका नाही.

बावची खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. अथर्ववेदात डागाला रंग दे म्हणून वनस्पतीला केलेली प्रार्थना आहे, इतकी ही ओळख जुनी. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये अम्मी माजूस नावाच्या रोपातून असंच द्रव्य काढून कोडावर वापरलं आणि त्यातूनच पुढे १९७० च्या दशकात पुवा उपचार आला, गोळी किंवा लेप आणि मोजून दिलेले किरण. मोजून, हाच काय तो फरक! आयुर्वेदातसुद्धा बावची शुद्ध करूनच वापरायला सांगितलीय. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींतून, म्हणून आधी तपकिरी ठिपके दिसतात, आणि ओठ, बोटांची टोकं अशा बिनकेसांच्या जागी फारसा गुण येत नाही. तेल विकताना हे कोण सांगतं?

दुसरी गोष्ट, त्याच फळीवर जेष्ठमधाचं "रंग उजळवणारं" क्रीम होतं आणि बहीण तेही घेऊन आली, दोन्ही झाडपालाच ना! पण जेष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतं आणि रंग तयार होणं कमी करतं, म्हणजे एक बाटली रंग आणायला आणि दुसरी घालवायला, आणि डाग एकच. मशरूम चिरून ठेवले की काळपट पडतात ना, तेही टायरोसिनेजमुळेच. रंग कमी करणाऱ्या कितीतरी अर्कांची पहिली चाचणी मशरूममधून काढलेल्या याच एन्झाइमवर होते, त्यामुळे "प्रयोगशाळेत सिद्ध" वाचलं की माणसाच्या कातडीवर सिद्ध असं धरू नका. आणि हर्बल म्हणून विकलेल्या क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड सापडल्याचे प्रकारही झालेत.

आपण गोंयकार झाडांना ओळखतो. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळा-पानांच्या मांडवीला, कवंडळाचं विषारी फळ बांधतो पण ते कोणी तोंडात घालत नाही, घरातल्या पोरांनाही ते सांगावं लागत नाही. मग बाटलीत भरलेल्या पाल्याच्या बाबतीत ही समज कुठे जाते?

भाचीचा पाय आता बरा आहे. फोड गेले, पण कातडी तिथे काळी पडलीय आणि डाग तसेच आहेत. सरकारी हॉस्पिटलमध्ये स्किनच्या ओपीडीत नेतो, डॉक्टर वेळ मोजून देतात. कोड शिवल्याने पसरत नाही हे अजून शेजाऱ्यांना सांगावं लागतं, तेही वेगळंच दुखणं.

अन्न आणि औषध प्रशासनाला हात जोडून विनंती, बाजारात सुटं बावचीचं तेल विकणाऱ्यांना बाटलीवर मराठीत आणि कोंकणीत एवढं तरी लिहायला लावा: लावल्यावर ऊन टाळा, डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय उन्हात बसू नका, पोटात घेऊ नका. चिकटपट्टीवर मावेल एवढाच मजकूर आहे.

एक वाचक,
फोंडा