मध्यंतर कुठे घ्यायचे, ते आधी सिनेमा बघून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आम्ही चार मित्र ‘मेन इन ब्लॅक’ बघायला गेलो होतो. सिनेमा १९९७ चा. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही तो एकत्रच पाहिला होता. जुने सिनेमे पुन्हा लावायची सध्या जी लाट आली आहे, तिच्यात आमच्या भागातल्या एका चित्रपटगृहाने त्याचे दोन खेळ ठेवले आणि चौघांनीही कामे बाजूला टाकली. एक जण बेळगावहून आला, एक कराडहून. पन्नाशीला आलेली माणसे सकाळी दहाच्या खेळाला अर्धा तास आधी येऊन दारात उभी होती, यावरून आमची ओढ कळावी.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडेसे. परग्रहावरची मंडळी माणसाचे रूप घेऊन न्यूयॉर्कमध्ये राहतात, कामधंदा करतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला काळ्या सुटातली माणसे नेमलेली आहेत. कुणी चुकून काही पाहिलेच, तर डोळ्यांपुढे एक लख्ख झोत मारून तेवढी आठवण पुसून टाकायची. टॉमी ली जोन्स यात एकदाही हसत नाही, म्हणून आपण हसतो. सरहद्दीवर पकडलेल्या परग्रहवासीयाला तो, पोलीस पाटलाने गावातल्या वांड पोराला दमात घ्यावे, तसा दमात घेतो. विल स्मिथ नवखा, सगळे पाहून चक्रावलेला. विज्ञानकथा म्हटली की अगडबंब यंत्रे आणि जगबुडी डोळ्यांपुढे येते. इथे अख्खी आकाशगंगा मांजराच्या गळपट्ट्याला लटकलेली आहे. ही कल्पना मला आजही थक्क करते. मोठे म्हणजे काय आणि छोटे म्हणजे काय, याचा विचार हसता हसता करायला लावणारे सिनेमे फार थोडे आहेत.

असा सिनेमा घरी फोनवर पाहण्यात मजा नाही. तो भरल्या थिएटरात, ओळखीच्या माणसांना कोपर मारत बघायचा. शेतकऱ्याची कातडी पांघरलेला तो किडा पाण्यात साखर घालून मागतो आणि वर ‘आणखी’ म्हणतो, तेव्हा मागच्या रांगेतली सात-आठ वर्षांची मुलगी अशी खदखदून हसली, की तिच्या हसण्याला अख्खी रांग हसली. विनोदाला असा एक चढ असतो. एक हशा दुसऱ्याला वर उचलतो.

आणि मग तो शवागाराचा प्रसंग आला. टेबलावर एका म्हाताऱ्या जवाहिऱ्याचे प्रेत. कानाजवळ काहीतरी हलते आणि त्याचा चेहरा कपाटाच्या दारासारखा उघडतो. आत, डोक्याच्या पोकळीत, खुर्चीत बसलेला इतकासा जीव. तो मरायला टेकला आहे. त्याला काहीतरी फार महत्त्वाचे सांगायचे आहे, पण आपल्या भाषेतला शब्द त्याला सापडत नाही. तो अडखळतो, शोधतो. पुढच्या सगळ्या सिनेमाची किल्ली या एका अडलेल्या शब्दात आहे. थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता.

त्याच क्षणी पडदा काळा. मध्यंतर. दिवे लागले आणि बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात सुरू झाली.

सतरा मिनिटांनी सिनेमा पुन्हा सुरू झाला. बिचाऱ्या जीवाने आपला शब्द उच्चारला आणि प्राण सोडला. कुणी हसले नाही, कुणी हळहळलेही नाही. मागची मुलगी अजून पॉपकॉर्नच्या रांगेतच होती. ती आली तेव्हा तो प्रसंग संपला होता, आणि मग उरलेला वेळ ती बाबांना ‘ते कुठून कळलं यांना?’ असेच विचारत होती.

बाहेर पडताना आम्ही व्यवस्थापकांना भेटलो. तरुण मुलगा, बोलायला अदबशीर. म्हणाला, “सर, सिनेमा ९८ मिनिटांचा आहे. बरोबर ४९ व्या मिनिटाला लावलंय.” त्यात आपले काही चुकले असे त्याला वाटतच नव्हते, आणि त्याला तरी काय बोलणार? कितव्या मिनिटाला थांबायचे तो आकडा एकदा सर्व्हरच्या, म्हणजे सिनेमा चालवणाऱ्या संगणकाच्या, प्लेलिस्टमध्ये भरला, की पुढे कुणी बघत नाही.

आमच्या कराडच्या मित्राचे वडील एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. नंतर चहा घेताना त्याने सांगितले ते इथे मुद्दाम लिहितो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मशीनमधून मिनिटाला ९० फूट पळते. दोन हजार फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटे पुरते, म्हणजे हा सिनेमा पाच रिळांचा. रीळ बदलताना उडी बसू नये म्हणून मूळ संकलकही शक्यतो प्रसंग संपेल तिथेच रीळ संपवतो. त्यामुळे काकांपुढे प्रश्न एवढाच असायचा, की दुसऱ्या रिळानंतर थांबायचे की तिसऱ्या. त्यासाठीही ते रिळांची पेटी आल्यावर इंग्रजी सिनेमा आधी लावून बघत. इंग्रजी येत नव्हते. चेहरे बघून ठरवायचे.

आपल्याकडे मध्यंतर ही काही परकी गोष्ट नाही. आपले नाटककार अंकाचा पडदा कोणत्या वाक्यावर पाडायचा याचा जिवापाड विचार करतात. मराठी-हिंदी सिनेमाची पटकथाही मध्यंतराचा धक्का कुठे बसवायचा हे धरूनच लिहिली जाते. परदेशी सिनेमा तसा लिहिलेलाच नसतो, म्हणून तिथे जास्त जपायला हवे. आणि मध्यंतर नसले तर लोक येत नाहीत असेही नाही. २०११ साली ‘धोबी घाट’ आणि २०१७ साली ‘ट्रॅप्ड’ हे हिंदी सिनेमे आपल्याकडे मध्यंतराविना लागले होते आणि लोकांनी ते सलग बसून पाहिले.

मध्यंतर बंदच करा असे माझे म्हणणे नाही. आमच्यातल्या एकाला मधुमेह आहे, त्याला उठावेच लागते. लहान मुले असतात, म्हातारी माणसे असतात. खाण्यापिण्याच्या विक्रीवर चित्रपटगृहाचे बरेचसे गणित बसते, हेही मान्य आहे. पण पाच मिनिटे अलीकडे किंवा पलीकडे थांबल्याने कुणाचा समोसा खपायचा राहत नाही. शंभर मिनिटांच्या आतला सिनेमा असेल तर तो सलग दाखवता येईल का, याचाही मालकांनी विचार करावा, आणि तसे तिकिटावर आधी छापावे, म्हणजे ज्याला त्याला आपली सोय बघता येईल.

पुढच्या महिन्यात त्याच ठिकाणी आणखी एक जुना परदेशी विनोदी सिनेमा लागणार असल्याचा फलक आम्ही येताना पाहिला. आम्ही चौघे जाणार आहोत. खेळाआधी तिथल्या कुणीतरी तो एकदा पूर्ण बघावा. कुणालाच वेळ नसेल, तर मित्राचे वडील आजही कराडला आहेत. वय ८१, नजर चांगली आहे. ते येऊन बघून सांगायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली